जनमत चाचण्यांची विश्वासार्हता (नागपूरच्या संदर्भात)

मोजक्या मतदारांना विचारून साऱ्या मतदारसंघाचा कौल अजमावण्याच्या पद्धतीची सत्यता. भारतात या चाचण्यांचा आरंभ सामान्यतः १९५०च्या दशकात, एरिक डा कोस्टा यांच्या संस्थेपासून धरतात. काही अभ्यासक मात्र विकसनशील समाज अध्ययन केंद्राच्या (सीएसडीएस) १९६७च्या पाहणीला अधिक महत्त्व देतात. ते मत जास्त ग्राह्य वाटते, कारण किती जणांना विचारले यापेक्षा ते कसे निवडले, यावर सारे अवलंबून असते. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक उत्तरे आली, तरी अंदाज सपशेल चुकला. त्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन यांचा विजय वर्तवला होता. रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे प्रामुख्याने टेलिफोन व मोटारधारकांच्या याद्यांतून घेतली होती; मंदीने गांजलेला गरीब मतदार त्यांत नव्हता.

हा दोष नागपुरातही सहज शिरतो. एप्रिलच्या उन्हात पाहणीदार पानठेल्यावर थांबला, तर त्याला मुख्यतः पुरुष भेटतात, तेही घोळक्याने. एक बोलतो, बाकीचे मान डोलावतात. फ्लॅट स्कीमचा चौकीदार फाटकावरूनच परत पाठवतो. वस्तीत वही काढली की आधी प्रश्न येतो, ‘कोणत्या पक्षाकडून आले तुम्ही?’ म्हणूनच मतदारयादीतून नावे काढून घरी जाणे आणि नमुना मतपत्रिका छोट्या पेटीत टाकायला लावणे ही लोकनीतीची (सीएसडीएसच्या निवडणूक-पाहणी कार्यक्रमाची) रीत अधिक भरवशाची आहे.

एक हजारांच्या यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्यात त्रुटी सुमारे ±३ टक्के असते. तोच नमुना नागपूर लोकसभेच्या सहा विधानसभा क्षेत्रांत वाटला, तर प्रत्येकी जेमतेम १६६-१६७ जण येतात व त्रुटी ±७ टक्क्यांपुढे जाते. दोन उमेदवारांतील फरकाची त्रुटी त्याच्याही जवळपास दुप्पट. २०१९ मध्ये मध्य व दक्षिण नागपूर या जागा सुमारे चार-चार हजार मतांनी लागल्या. अशा ठिकाणी वॉर्डनिहाय कौल छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मतांचे जागांत रूपांतर हा त्याहून अवघड भाग. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांतील फरक एका टक्क्याहूनही कमी होता. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० व महायुतीला १७. देशपातळीवर बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी (एक्झिट पोल) राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात २९३ मिळाल्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी प्रसिद्ध करता येत नाही. नागपूरकरांनी १९ एप्रिल २०२४ रोजी मत दिले. चाचण्या दिसल्या १ जूनच्या संध्याकाळी, मतमोजणीच्या तीन दिवस आधी.