आयव्हर्सनच्या 'त्या' क्लिपमागचं खरं

सोलापुरात पार्क चौकाच्या आसपास बास्केटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी मोबाईलवर अमेरिकेचा बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सनची जुनी क्लिप दाखवतंच. "सराव? आपण सरावाबद्दल बोलतोय?" असं तो पुन्हापुन्हा म्हणतो. त्यावरून ठरून गेलंय की गडी आळशी होता, सरावाशिवायच मोठा झाला. पोरं हे खरं धरून चालतात, म्हणून खुलासा करणं भाग आहे.

ही क्लिप मे २००२ च्या पत्रकार परिषदेतली. त्याचा संघ फिलाडेल्फिया हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतल्या पहिल्याच फेरीत बोस्टनकडून हरला होता, प्रशिक्षक लॅरी ब्राऊन त्याच्या गैरहजेरीवर नाराज होते आणि त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकणार अशी चर्चा होती. त्यानं काही सराव चुकवले, हे खरंच. एखादा चुकवला असेल, असं त्यानं तिथंच मान्यही केलं. पण त्याच बैठकीत तो आणखी एक गोष्ट बोलला, जी छोट्या क्लिपमध्ये कापली जाते: माझा जिवलग मित्र गेलाय. राशान लँगफोर्ड. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला होता. त्या दुःखात माणूस बोलत होता, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे झालो!

आळशी म्हणे! जेमतेम सहा फुटांचा हा खेळाडू त्या हंगामात ४८ मिनिटांच्या सामन्यात सरासरी ४३ मिनिटांहून जास्त मैदानावर होता. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सर्वाधिक. चार वेळा सर्वाधिक गुणांचा मान, २००१ चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू), २०१६ मध्ये बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान.