सैनिकांची वैद्यकीय गोपनीयता

सैन्यात नोकरी करणाऱ्या व्यक्तीच्या आजाराची, तपासण्यांची आणि उपचारांची माहिती कोणाला मिळावी, तिच्यातला किती भाग पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरपर्यंत, म्हणजे सीओपर्यंत, जावा आणि खुद्द त्या सैनिकाला ती केव्हा पाहता यावी, यासंबंधीचे कायदे, नियम व प्रघात या विषयात मोडतात. नागरी दवाखान्यात रुग्ण आणि डॉक्टर असे दोघेच असतात. लष्करात डॉक्टरही हुद्देदार असतो, रुग्णही शिस्तीखाली असतो आणि उद्याच्या गस्तीवर कोण जाणार हे ठरवणारा तिसरा माणूस बाहेर थांबलेला असतो. त्याला काहीच सांगू नये असे कोणी म्हणत नाही. फिट येणाऱ्या जवानाच्या हाती भरलेली रायफल गेली, तर धोका त्याच्या शेजारच्यालाही असतो. वाद आहे तो किती सांगावे, याचा.

सातारा जिल्ह्यात हा विषय घराघरातला आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 सैनिक कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. इथल्या मुलाची भरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडून होते. तो मराठा लाइट इन्फंट्रीत गेला तर त्याचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात असते आणि आजार गंभीर असेल तर पुण्याचे कमांड हॉस्पिटल गाठावे लागते. माणूस गावी परततो, कागद मात्र या ठिकाणांमध्ये विखुरलेले राहतात.

नोंद कशी तयार होते

भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी ही पहिली नोंद. नजर, कान, गुडघे, छाती, पायाच्या नसा असे सगळे पाहून मुलगा ‘फिट’ ठरतो. त्या दिवशी या कागदाकडे कोणी फारसे पाहत नाही, पण वीस वर्षांनी निवृत्तिवेतनाच्या दाव्यात त्याच्याइतका मोलाचा कागद दुसरा नसतो. त्यानंतर सगळे युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, घडते. तिथे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणजे आरएमओ, बसतो. बरे वाटत नसेल तर जवानाने सिक रिपोर्टला नाव घालायचे. आरएमओ त्याला औषध देऊन ड्यूटीवर पाठवतो, हलके काम देतो, विश्रांती देतो किंवा इस्पितळात पाठवतो. गोपनीयतेला पहिली गळती इथेच लागते. सिक रिपोर्टच्या रांगेत कोण उभा आहे हे सगळ्या कंपनीला दिसते, आणि वारंवार दिसणाऱ्याला नावे ठेवायला वेळ लागत नाही.

तंदुरुस्ती मोजण्याची पद्धत ‘शेप’ या नावाने ओळखली जाते. पाच इंग्रजी अक्षरांपैकी एस मानसिक स्थितीसाठी, एच श्रवणासाठी, ए हातापायांसाठी, पी एकूण शारीरिक क्षमतेसाठी आणि ई दृष्टीसाठी. प्रत्येकापुढे 1 ते 5 यांपैकी आकडा येतो. 1 म्हणजे कुठेही, कुठल्याही कामाला योग्य. 5 म्हणजे सेवेस कायमचा अयोग्य. 1 पेक्षा खालचा दर्जा, म्हणजे 2 किंवा त्यापुढचा आकडा, मिळाला की जवान ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो. गावात मात्र ‘त्याला कॅटेगरी लागली’ एवढेच म्हणतात, आणि सेवेतून काढले तर ‘बोर्ड आऊट झाला’. कॅटेगरी तात्पुरती किंवा कायम असते. तात्पुरती असेल तर ठरावीक आठवड्यांनी पुन्हा बोर्डापुढे, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळापुढे, जावे लागते.

अधिकाऱ्याला काय कळते

तत्त्व साधे आहे. सीओला अक्षर, आकडा आणि निर्बंध कळावेत: हा उंचावर जाऊ नये, याला हत्यार देऊ नये, हा धावणार नाही. पोस्टिंग, कोर्स आणि बढती ठरवायला एवढे पुरते. पोटात अल्सर आहे की आतड्याचा क्षय, हे जाणून गस्तीची यादी बदलत नाही.

व्यवहारात मात्र हे दोन भाग वेगळे राहत नाहीत, आणि त्याचे कारण कुतूहल किंवा चहाटळपणा नव्हे. सीओ हा वैद्यकीय नोंदीचा नुसता वाचक नसून तिचा एक लेखकही असतो. जवानाला मार लागला तर तो ड्यूटीवर असताना लागला की नाही, याचा इंज्युरी रिपोर्ट युनिट लिहिते आणि त्यावर सीओचे मत असते. हृदयविकाराच्या प्रकरणात आजार उद्भवण्याआधीच्या 14 दिवसांत जवानाकडे कोणती कामे होती, याचा तक्ता युनिटकडून मागवला जातो. मनोविकाराच्या शंकेवरून जवानाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना एएफएमएसएफ-10 या फॉर्मवर सीओनेच त्याच्या वागण्याचा अहवाल द्यायचा असतो. ज्याच्या जाचाला कंटाळून माणूस खचला असेल, कधीकधी त्याच्याच लेखणीतून त्याच्या खचण्याचे वर्णन फाइलीत जाते. नियमांच्या चर्चेत या बाजूकडे सहसा लक्ष जात नाही, पण नोंद वाचण्याच्या अधिकारापेक्षा ती लिहिण्याचा अधिकार सैनिकाच्या आयुष्यावर जास्त परिणाम करतो.

आजाराकडे संशयाने पाहण्याची परंपराही जुनी आहे. आजाराचे सोंग घेणे किंवा मुद्दाम आजार ओढवून घेणे हा सेना अधिनियम, 1950 च्या कलम 46 खाली गुन्हा आहे. 1915 मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथील किचनर इंडियन हॉस्पिटलमध्ये कर्नल सर ब्रूस सेटन यांनी हिंदी सैनिकांच्या 1000 जखमा तपासल्या, त्या रणांगणातून सुटण्यासाठी स्वतःच करून घेतल्या आहेत की काय, हे पाहण्यासाठी. तसा सर्रास प्रकार असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. या तपासणीतले जखमी फ्रान्सच्या आघाडीवरचे होते, तर मराठा पलटणींपैकी 103वी आणि 110वी तेव्हा मेसोपोटेमियात लढत होत्या. तरी रुग्णाची नोंद त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वाचता येते, हे या उदाहरणात लख्ख दिसते.

कायदा काय म्हणतो

सैनिकांच्या वैद्यकीय गोपनीयतेसाठी स्वतंत्र कायदा भारतात नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे धागे जुळवावे लागतात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. राज्यघटनेच्या कलम 33 नुसार संसदेला सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क आवळता येतात. पण सेना अधिनियमाच्या कलम 21 मध्ये ज्यांवर बंधने घालता येतात असे हक्क नेमके सांगितले आहेत: संघटनेत सामील होणे, सभा-निदर्शनांत भाग घेणे, वृत्तपत्रांशी संपर्क किंवा लेखन प्रसिद्ध करणे. आजाराची माहिती त्या यादीत नाही. म्हणजे गणवेश चढवला की हा हक्क आपोआप गळून पडतो, असे मानायला या कलमात आधार सापडत नाही.

डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नीतिनियमांनुसार रुग्णाचे गुपित न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि कळवणे सक्तीचे असलेले रोग, एवढ्याच कारणांसाठी उघड करता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 गोपनीयतेचा हक्क देतो, पण इतरांना होणारी इजा टाळणे आणि सार्वजनिक सुरक्षितता हे अपवादही ठेवतो. त्याच वर्षीचा एचआयव्ही व एड्सविषयक कायदा अधिक कडक आहे. त्यात संमतीशिवाय ही माहिती उघड करण्याला फार थोडी वाट ठेवली आहे. 2002 मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवले होते त्या, काळात जम्मूतील सांबा येथील लष्करी इस्पितळात दिलेल्या रक्तातून हवाई दलाच्या एका कॉर्पोरलला एचआयव्हीची लागण झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये सुमारे 1 कोटी 54 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि या कायद्याच्या अंमलबजावणीबाबतही निर्देश दिले.

कॅटेगरी कळल्यावर अधिकाऱ्याने तिचे काय करावे, यावरही न्यायालयाने मर्यादा घातली आहे. 2008 च्या राजपाल सिंग निकालानुसार कायम खालच्या कॅटेगरीतील जवानाला वैद्यकीय कारणावरून काढायचे असेल, तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची, म्हणजे सेवेस अयोग्य ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाची, शिफारस लागतेच. सीओच्या सहीने ते भागत नाही.

स्वतःची नोंद, स्वतःलाच

साताऱ्याकडे लोक या विषयात अडकतात ते बहुधा उलट्या टोकाने. इतरांपासून नोंद लपवणे राहिले बाजूला, स्वतःचीच नोंद हाती लागत नाही. निवृत्तीनंतर अपंगत्व निवृत्तिवेतन मागायचे तर अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते आणि ते सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले, हे ठरावे लागते. 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो आजार सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागदांची पिशवी घेऊन येणाऱ्या माजी सैनिकाची भिस्त याच निकालावर असते. पुढे लढायचे झाले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत माहितीच्या अधिकारात, सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागता येते, कारण थलसेना या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील वगळलेल्या संघटनांत नाही. दुसऱ्याची नोंद मागणे वेगळे. तिथे वैयक्तिक माहितीचा अपवाद आडवा येतो, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तो अपवाद आणखी रुंद केला आहे.

या सगळ्याचा परिणाम सुट्टीच्या दिवसांत दिसतो. रक्तदाब किंवा साखर वाढलेला जवान युनिटमध्ये बोलत नाही. बढतीचा कोर्स तोंडावर असतो. मग गावी आल्यावर तो सातारा, कराड किंवा सांगलीच्या खाजगी डॉक्टरकडे जातो, रोख पैसे देतो आणि चिठ्ठी फाडून टाकतो. त्याक्षणी हे शहाणपणाचे वाटते. दहा वर्षांनी पक्षाघाताचा झटका येतो, तेव्हा आजार सेवेतच सुरू झाला हे सांगणारा एकही कागद नसतो. मनाच्या आजाराबाबत लपवालपवी याहून जास्त असते, कारण ‘एस’ची कॅटेगरी लागल्याची बातमी पलटणीतल्या गाववाल्यांमार्फत जवानाच्या आधी घरी पोचते आणि सोयरिकीच्या बोलण्यात आडवी येते. फाइलीला कुलूप लावून ही वाट बंद होत नाही.

अन्य देशांत

अमेरिकेत आरोग्यविषयक गोपनीयतेच्या नियमांत सैन्यासाठी खास अपवाद आहे. मोहिमेसाठी आवश्यक तेवढी माहिती कमांडरला देता येते. मात्र मानसोपचाराच्या बाबतीत संरक्षण खात्याच्या निर्देशांनी गृहीतकच उलटे ठेवले आहे: कमांडरला कळवायचे नाही, हा नियम; स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका, मोहिमेला धोका, इस्पितळात भरती होणे, व्यसनमुक्ती उपचारात दाखल होणे अशी मोजकी कारणे हा अपवाद. तेव्हाही कमीत कमी माहिती द्यायची. भारतातही असे अपवाद लेखी मोजून ठेवले, तर आरएमओचीच अर्धी अडचण सुटेल.

अग्निवीर

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने जवानाची सेवा, आणि तिच्याबरोबर या प्रश्नाची मुदत, चार वर्षांवर आणली. तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर पुढे कायम होतात. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याकडे कल वाढण्याची शक्यता उघड आहे. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी 50, 75 आणि 100 टक्के अशा टप्प्यांनुसार अनुक्रमे 15, 25 आणि 44 लाख रुपये एकरकमी मिळतात, आणि टक्का ठरतो तो बोर्डापुढच्या कागदांवरून. म्हणून अग्निवीराने एमआय रूममधल्या प्रत्येक भेटीची तारीख लिहून ठेवावी आणि डिस्चार्ज स्लिपची प्रत घरी पाठवावी.