पोर्शला हिवाळी टायर निवडताना

जर्मनीत हिवाळी टायरचा हंगाम ‘ओ ते ओ’ असा सांगतात: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत. पोर्शचं गाव श्टुटगार्ट. (१९६८ पासून हे मुंबईचं भगिनी-शहर आहे; हवामानात मात्र या बहिणींचं काही जुळत नाही.) तिथे या महिन्यांत रोज बर्फ पडतो असं नाही. बरेचदा नुसताच गारठा, ओला रस्ता आणि पहाटे दोन-तीन अंश तापमान. पण उन्हाळी टायरवरच्या ९११ ला (पोर्शची मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स गाडी) घसरायला बर्फ लागतच नाही. गार, ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की गाडीची मागची बाजू बाहेर जाऊ पाहते.

टायरचं रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. ऊब असते तोवर या साखळ्या हलत्या राहतात. डांबरातल्या खडीच्या प्रत्येक कंगोऱ्यावर रबर दबतं, पुन्हा उसळतं, आणि त्यात जी ऊर्जा खर्च होते तिच्यातून टायरची बरीचशी पकड येते. तापमान उतरलं की साखळ्या सुस्तावतात आणि पुरेशा थंडीत रबर कडक, ठिसूळ होतं. याला काच-संक्रमण म्हणतात. बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तसं हे एका ठरावीक अंशाला घडत नाही. कडकपणा हळूहळू चढत जातो.

पण टायरच्या रबराचं काच-संक्रमण तापमान तर शून्याच्या बरंच खाली असतं. मग अधिक पाच अंशांनाच बिनसतं कसं? कारण रबर मऊ वागणार की कडक, हे त्याला किती भराभर दाबलं जातंय यावरही ठरतं. समजा, टायर रस्त्यावर सेकंदाला एक मीटर घसरतोय. एक मिलिमीटरच्या कंगोऱ्यांमुळे रबराला सेकंदाला हजार धक्के बसतील. खडीवरच्या एक मायक्रोमीटरच्या खरखरीमुळे दहा लाख. एवढ्या घाईत साखळ्यांना हलायला सवड मिळत नाही आणि रबर आहे त्यापेक्षा कितीतरी अंश गार असल्यासारखं वागतं. वेग आणि तापमानाची ही सांगड विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी १९५५ मध्ये सूत्रात बसवली.

स्पोर्ट्स गाडीच्या उन्हाळी टायरमध्ये मुद्दामच असं मिश्रण घालतात, जे तापलेल्या डांबरावर भरपूर ऊर्जा खाईल. तेच थंडीत अंगाशी येतं. हिवाळी टायरमध्ये थंडीतही लवचीक राहणारी रबरं जास्त असतात: नैसर्गिक रबराचं काच-संक्रमण उणे ७० अंशांच्या आसपास होतं, पॉलिब्युटाडाईनचं उणे १०० च्या. जोडीला सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची बारीक भुकटी. कंपन्या ७ अंशांखाली टायर बदला म्हणतात, पण ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. कोरड्या डांबरावर ५ अंशांनाही चांगला उन्हाळी टायर कधी कधी कमी अंतरात थांबतो. रस्ता ओला झाला की पारडं फिरू लागतं आणि हिमावर तर तुलनाच उरत नाही.

तिथे कामाला येतात त्या रबरी ठोकळ्यांमधल्या बारीक चिरा. भार पडला की त्या किंचित उघडतात, त्यांच्या कडा हिमात रुततात. मोठ्या खाचांत हिम दाबून बसतं, आणि रबरापेक्षा हिमच हिमाला घट्ट धरतं. म्हणून खाचांत हिम भरलेला टायर साफ करण्याच्या फंदात पडू नये. तो आपलं काम करत असतो.

आता रुंदीचा मोह. हवेचा दाब तोच असेल तर रुंद आणि अरुंद टायर जमिनीला साधारण सारख्याच क्षेत्रफळावर टेकतात. फरक आकारात पडतो: रुंद टायरचा ठसा आडवा, अरुंदाचा लांबट. आडव्या ठशाला समोरचं जास्त हिम, जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. पोर्शही इथे माघार घेते. ९११ च्या ९९२ पिढीतल्या कॅरेरा एस ला उन्हाळ्यात मागे ३०५/३० आणि हिवाळ्यात २९५/३०, दोन्ही २१ इंची रिमवर (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रबराची उंची रुंदीच्या टक्क्यांत). माघार सेंटिमीटरभराचीच, कारण मागे इंजिनाचं वजन आणि ताकद दोन्ही आहेत. रिम लहान घेऊन रबराची उंची वाढवणं त्याहून शहाणपणाचं, पण ९११ टर्बो एस च्या पुढच्या सिरॅमिक ब्रेकची चकतीच ४२० मिलिमीटरची. २० इंची रिम ५०८ मिलिमीटरची असते आणि मधल्या जागेत चकतीला चिमटा घेणारा कॅलिपरही बसवायचा असतो. तेव्हा मोजमाप गाडीच्या मंजूर यादीतूनच घ्यावं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या परिघांचं गुणोत्तर बिघडवून चालतच नाही. टायरच्या बाजूवर ‘एन’ आणि पुढे आकडा दिसला, तर तो पोर्शने मंजूर केलेला आहे.

खरी निवड दोन घराण्यांमधली आहे. नॉर्डिक टायर (फिनलंडच्या नोकियनचा ‘हाक्कापेलीट्टा’ १९३६ पासूनचा) टणक बर्फासाठी फार मऊ बनवलेले. त्यांवर बहुधा आर किंवा टी अक्षर, म्हणजे ताशी १७० किंवा १९० किलोमीटरची मर्यादा. मध्य युरोपीय टायर व्ही किंवा डब्ल्यू, म्हणजे २४० किंवा २७०. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, गाडी पळवणार असाल तर माझं मत दुसऱ्या घराण्याला. कॅरेरा एस ३०८ ने धावू शकते हे खरं, पण जर्मनीत टायरची मर्यादा गाडीपेक्षा कमी असली तरी चालते. चालकाला दिसेल असं तिचं स्टिकर मात्र लावावं लागतं.

बाजूवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह हवंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि हिम) हे जुनं चिन्ह हिवाळी टायर म्हणून चालत नाही. पण हे चिन्ह मिळतं ते हिमावरच्या पकडीच्या चाचणीवर. टणक बर्फावर किंवा कोरड्या वळणावर तो टायर कसा वागेल, ते त्यावरून कळत नाही. जर्मन कायद्याला खाचेची १.६ मिलिमीटर खोली पुरते. शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळी टायर म्हणून ४ लागते, आणि मला ऑस्ट्रियाचं पटतं. हवाही तपासत राहावी: तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने घटतो.

काढलेले उन्हाळी टायर, विशेषतः ट्रॅकवरचे, उघड्या शेडमध्ये टाकू नयेत. जनरल मोटर्स आपल्या ग्राहकांना बजावते की उणे ७ अंशांखाली अशा टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात. तडा गेलेला टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो.