रस्ता न उकरता पाइपात पाइप

जुलैत रस्ता खचला की आधी ठेकेदाराचा उद्धार होतो, मग डांबराचा. खड्ड्यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा रास्तही असतं. पण डांबर शाबूत असताना मधेच माणूस उतरेल एवढं भगदाड पडलं, तर खालून काय गेलंय ते आधी बघावं. तिथे बऱ्याचदा जुना ह्यूम पाइप (काँक्रीटचा पाइप) असतो आणि त्याचा एखादा सांधा उघडलेला असतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी पाइपच्या वर चढतं, त्या फटीतून आत घुसतं आणि येताना माती घेऊन येतं. माती गटारातून वाहून जाते. पाइपच्या वर पोकळी वाढत राहते, रस्ता मात्र वरून ठणठणीत दिसतो. मग एक दिवस चिऱ्यांनी भरलेला ट्रक येतो.

त्यावर सरळ उपाय म्हणजे खणा आणि पाइप बदला. किनाऱ्यालगतच्या गावात हे किती सरळ असतं ते बाजारपेठेत दुकान असलेल्या कोणालाही विचारा. गल्ली दहा फुटांची, दोन्ही बाजूंना घरांचे जोते, खाली नळाची लाइन आणि केबली. पुळणीजवळ खणलं तर चर पाण्याने भरतो आणि कडा ढासळतात. म्हणून न खणता दुरुस्ती करण्याची जी पद्धत आहे तिच्याबद्दल मला फार प्रेम आहे, आणि आज ते आवरणार नाही.

एक खुलासा आधीच करतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक घरांचा कारभार सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर चालतो. भूमिगत गटारांचं मोठं जाळं मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडे. पण रस्त्याखालच्या मोऱ्या सगळीकडे आहेत, आणि ही पद्धत मोऱ्यांनाही चालते.

पाइप नेमका कुठे फुटलाय हे चाकांवरचा कॅमेरा आत सोडून बघतात. तळहातावर नारळ आडवा धरून, तो उभा राहिला की 'इथे पाणी' म्हणणारे आपल्याकडे आहेतच. त्यात फक्त आपणच मागासलेले असं समजू नका. ब्रिटनमधल्या बहुतेक पाणी कंपन्यांचे काही कर्मचारी वाकवलेल्या तारा हातात धरून पाइप शोधतात, हे 2017 मध्ये त्या कंपन्यांकडूनच बाहेर आलं. नारळ काय आणि तार काय, धरणाऱ्याच्या मनगटाची नकळत होणारी हालचाल तेवढी दाखवतात.

कॅमेऱ्यात काँक्रीटचा पाइप बहुधा वरच्या बाजूने कुजलेला दिसतो. मैला खालून वाहतो, मग वरचा भाग का झिजावा? तळाच्या बुळबुळीत थरातले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, सडक्या अंड्याच्या वासाचा तोच वायू. तो वर जाऊन ओल्या छताला लागतो. तिथले दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट भुसभुशीत होतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. खाडीचं पाणी फटींतून आत शिरलं की या जिवाणूंची चंगळ.

आता दुरुस्ती. 1971 मध्ये एरिक वूड या इंग्रज इंजिनिअरने लंडनच्या हॅकनी भागात विटांच्या एका जुन्या गटारात रेझिनने, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने, भिजवलेली नमद्याची नळी बसवली आणि ती जागेवरच कडक केली. त्यातून पुढे वाढलेली उलटवण्याची युक्ती मला सगळ्यात आवडते.

पॉलिएस्टरच्या नमद्याची लांबलचक नळी घेतात. तिच्या बाहेरून पॉलियुरेथेनचा गुळगुळीत, पाणी न शोषणारा थर असतो. आतली हवा पंपाने ओढून घेतात, रेझिन ओततात आणि रोलरमधून दाबत नमदा पूर्ण भिजवतात. मग ती बर्फात ठेवून कामावर आणतात, नाहीतर आपल्या मे महिन्यात वाटेतच घट्ट व्हायची. आता ही चिकट, जड, शंभर मीटर लांब वस्तू मॅनहोलमधून पाइपात कशी घालणार? ढकलली तर घड्या पडतील. ओढली तर फुटक्या कडांवर घासून रेझिन निघेल.

म्हणून मॅनहोलवर मचाण उभारतात. नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून एका कड्यावर आवळतात आणि दुमडीत पाणी सोडतात. सदऱ्याची बाही उलटी करावी तशी नळी स्वतःतूनच उलटत पाइपात पुढे सरकते. आतली रेझिनची बाजू बाहेर येऊन जुन्या पाइपला चिकटते आणि बाहेरचा गुळगुळीत थर आत येतो, पुढे मैला त्याच्यावरूनच वाहणार असतो. गंमत अशी की भिंतीवर बसलेला भाग तिथून हलतच नाही. नळी घासत जात नाही, अंथरली जाते. उलटण्याचं टोक एक मीटर पुढे गेलं की मधून येणारी न उलटलेली नळी दोन मीटर सरकलेली असते. तिच्या शेपटाला दोर बांधून माणसं तो बेताबेताने सोडतात. त्याच शेपटाला पाण्याचा होजही बांधलेला असतो. म्हणजे नळी पूर्ण उलटली की होज आपोआप पलीकडच्या टोकापर्यंत पोचलेला.

हे सगळं पाण्याचा एक स्तंभ करतो. 5 मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. 300 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात उलटणाऱ्या टोकावर तो साडेतीनशे किलो वजनाइतका जोर लावतो, आणि तोच दाब नळीला चहूबाजूंनी भिंतीवर बसवतो.

मग होजमधून सुमारे 80 अंशांचं पाणी फिरवतात. रेझिन बहुतेकदा असंतृप्त पॉलिएस्टर आणि स्टायरीनचं असतं. हर्णै किंवा मालवणला फायबरच्या होड्या बांधणाऱ्या शेडजवळून जाताना जो उग्र वास येतो, तो याच स्टायरीनचा. तापल्यावर त्यात मिसळलेलं पेरॉक्साइड फुटतं, मुक्त मूलकं (अतिशय क्रियाशील तुकडे) सुटतात, ती पॉलिएस्टरच्या साखळ्यांतले दुहेरी बंध उघडतात आणि स्टायरीनचे रेणू त्या साखळ्यांना एकमेकींशी जखडतात. ही अभिक्रिया स्वतःही उष्णता सोडते. काही तासांनी पाइपात पाइप तयार, बिनसांध्याचा. काचतंतूची नळी वापरली तर गरम पाण्याऐवजी अतिनील दिव्यांची गाडी आतून फिरवतात.

पण नवा पाइप अरुंद झाला, पाणी कमी जाणार, असा आक्षेप हमखास येतो. हिशोब करू. 300 चा पाइप, 6 मिलिमीटर जाडीची नळी, म्हणजे आतला व्यास 288. पाइपातला प्रवाह काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात तो व्यासाच्या 8/3 घाताच्या प्रमाणात आणि खडबडीतपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यासामुळे 10 टक्के घट. पण काँक्रीटचा खडबडीतपणा 0.013 धरला आणि नळीचा 0.010, तर 30 टक्के वाढ. गोळाबेरीज सुमारे 17 टक्के जास्त पाणी.

जाडीचं गणित मात्र आपल्या पावसाने अवघड केलंय. श्रावणात भूजल जमिनीच्या पृष्ठभागाला टेकतं आणि नळीला बाहेरून चेपायला बघतं. चेपण्याला विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताकद आठपट. उलट जाडी 20 टक्क्यांनी चोरली तर ताकद जवळपास निम्मी, आणि वरून बघून कोणाला कळणारही नाही. शिवाय प्लास्टिक सतत दाबाखाली हळूहळू नमतं, म्हणून 50 वर्षांचं आयुष्य धरताना ताठपणा सुरुवातीच्या निम्माच धरायचा प्रघात आहे. काम भर पावसात काढलं तर फटीतून येणारं थंड पाणी रेझिन धुतं, उष्णता पळवतं आणि नेमका तोच भाग कच्चा राहतो. एप्रिल-मे हीच वेळ.

'पर्यावरणपूरक, काही त्रास नाही' ही जाहिरात जपूनच ऐका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये गरम पाण्याऐवजी वाफेने पक्क्या होणाऱ्या अशाच नळ्यांजवळचा पांढरा ढग तपासला, तर त्यात नुसती वाफ नव्हती, स्टायरीनसारखी रसायनंही होती. हा वायू गटारातून घरात येऊ शकतो. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठवून ठेवणाऱ्या वाकड्या नळीत, पाणी असेल तर तो तिथेच अडतो. पण चाकरमान्यांचा फक्त गणपतीत आणि शिमग्याला उघडणारा फ्लॅट असेल तर ट्रॅप कोरडा ठणठणीत असतो. गल्लीत असं काम निघालं तर चावी असलेल्या शेजाऱ्याला एक बादली पाणी ओतायला सांगा.

आणि ही नळी जुन्या पाइपचाच आकार घेते. पाइप मधेच खचून पोटात आला असेल तर ते पोट तसंच राहतं, तिथे मैला साचायचाच. पूर्ण चेंगरलेला पाइप खणूनच काढावा लागतो. घराघरांतून येणाऱ्या जोडण्यांची तोंडंही नळीने बुजतात. ती आतून यंत्राने कापून मोकळी करतात, आणि कापायची जागा आधी काढलेल्या चित्रणावरून मोजून ठरवतात. एखादं तोंड राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातून फोन येतोच.