हवामानाची जोखीम आणि ‘ॲश्युरन्स’चा प्रश्न : पार्श्वभूमी

2023 चा ऑगस्ट हा देशाच्या 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ऊस ऐन वाढीच्या काळात पाण्याला मुकला, साखरेचे उत्पादन घटण्याचे अंदाज आले आणि 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने त्या हंगामापुरती उसाच्या रसापासून व सिरपपासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात ती अंशतः शिथिल झाली. पण तोवर साखर कंपन्यांचे समभाग घसरले होते आणि सरकारी व्याज सवलतीच्या भरवशावर कर्ज काढून डिस्टिलरीची क्षमता वाढवलेल्या कारखान्यांचे हिशेब विस्कटले होते. ते वर्ष अल् निनोचे होते. त्या दुष्काळाचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र न पडलेला पाऊस समभागाच्या भावापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हे त्या चार महिन्यांत स्पष्ट दिसले.

ही वाट सर्वांत आधी विमा व्यवसायाने ओळखली. 1992 मध्ये फ्लोरिडात आलेल्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर अनेक विमा कंपन्या बुडाल्या. पुढे 2015 मध्ये लंडनच्या विमा वर्तुळासमोर तेथील मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखांनी या जोखमीचे तीन भाग मांडले: वादळ-पुरासारखी भौतिक जोखीम, कमी कार्बनच्या अर्थव्यवस्थेकडे जातानाची संक्रमणाची जोखीम आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांतून येणारी दायित्वाची जोखीम. ही विभागणी आजही सर्वत्र वापरली जाते. तरीही इथेनॉलवरील मनाई तिच्यात नीट बसत नाही, कारण तिचे मूळ पावसात होते आणि घाव मात्र सरकारी आदेशाच्या रूपाने पडला. आपल्याकडे भौतिक जोखीम बहुधा अशीच, साठामर्यादा किंवा निर्यातबंदीच्या वेषात येते.

अशी जोखीम गुंतवणूकदाराला दिसायची, तर कंपन्यांनी आपली माहिती उघड करायला हवी. भारतात ‘सेबी’ या बाजार नियामकाने 2012 मध्ये आघाडीच्या 100 सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना व्यवसायाच्या जबाबदारीविषयीचा अहवाल सक्तीचा केला. 2021 मध्ये त्याची जागा ‘बीआरएसआर’ (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) या सविस्तर अहवालाने घेतली आणि 2022-23 पासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 कंपन्यांना बंधनकारक झाला. मध्यवर्ती बँकेने बँकांसाठी हवामान जोखमीच्या प्रकटीकरणाचा मसुदा फेब्रुवारी 2024 मध्ये काढला.

खरा वाद मात्र एका शब्दावर झाला. जुलै 2023 मध्ये नियामकाने ‘बीआरएसआर कोअर’ आणला. उत्सर्जन, पाणी, ऊर्जा, कचरा अशा निवडक आकड्यांना त्रयस्थाकडून ‘रिझनेबल ॲश्युरन्स’ घेणे त्यात सक्तीचे होते; 2023-24 मध्ये पहिल्या 150 कंपन्यांपासून सुरुवात करून 2026-27 पर्यंत 1,000 कंपन्यांपर्यंत जायचे होते. मराठीत या शब्दासाठी सर्रास ‘हमी’ लिहिले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. तपासनीस भविष्याची हमी देत नाही; पुरेसे पुरावे पाहून, आकडा ठळक चुकांपासून मुक्त आहे, असे होकारार्थी मत तो देतो आणि त्या मताची जबाबदारी घेतो. ‘लिमिटेड ॲश्युरन्स’मध्ये तो एवढेच म्हणतो की, चूक असल्याचे काही माझ्या नजरेस आले नाही. वीजबिले, डिझेलच्या पावत्या, पाण्याच्या मीटरची नोंदवही किती खोलवर तपासायची, हे या फरकावर ठरते.

डिसेंबर 2024 मध्ये नियामकाने हा नियम सैल करण्याचे ठरवले आणि मार्च 2025 च्या परिपत्रकाने ‘ॲश्युरन्स’च्या जोडीला ‘असेसमेंट’, म्हणजे त्रयस्थाकडून मूल्यमापन, हा पर्याय दिला. निवड कंपनीने करायची. या बदलाची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे असे, की ‘ॲश्युरन्स’ हा शब्द लेखापरीक्षणाच्या व्यवसायाकडे झुकतो, खर्च वाढवतो आणि पर्यावरण अभियंत्यांसारख्या जाणकारांना बाहेर ठेवतो. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु असेसमेंटची मानके नियामकाशी सल्लामसलत करून ठरवण्याचे काम उद्योग संघटनांच्याच मंचाकडे गेले, आणि ज्यांचे आकडे तपासायचे त्यांनीच तपासणीची पट्टी आखणे गुंतवणूकदाराच्या हिताचे नाही. भविष्य निर्वाह निधीतला किंवा म्युच्युअल फंडातला पैसा ज्या आकड्यावर विसंबून गुंतवला जातो, त्याची तपासणी किती कडक असावी हे कंपनीच्या मर्जीवर सोडायला नको होते.

त्याच वेळी पुरवठा साखळीची, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांविषयीची, माहितीही ‘पाळा, नाहीतर कारण द्या’ या तत्त्वावर न राहता ऐच्छिक झाली आणि एक वर्ष पुढे, 2025-26 वर गेली. या साखळीची व्याख्या आणखी गुंतागुंतीची आहे: ज्या पुरवठादाराचा किंवा ग्राहकाचा कंपनीच्या खरेदीत वा विक्रीत किमान 2 टक्के वाटा असेल, तोच त्या साखळीत मोजला जातो. महाराष्ट्रातले बहुतेक सहकारी साखर कारखाने सूचिबद्धच नसल्याने या चौकटीबाहेर आहेत. पण एखादा सूचिबद्ध कारखाना उद्या या नियमाच्या कक्षेतल्या पहिल्या 250 कंपन्यांत आला, तरी त्याला ऊस घालणाऱ्या हजारो शेतकऱ्यांपैकी एकाचाही वाटा 2 टक्क्यांवर जाणार नाही. त्यामुळे बॉयलरला आणि डिस्टिलरीला लागलेले पाणी अहवालात येईल. उसाने प्यायलेले पाणी, ज्यावरून 2023 चा सगळा पेच उभा राहिला, त्याची या साखळीत नोंदच होणार नाही.