आधारच्या क्यूआर कोडमधली २५६ बाइटची सही

एप्रिल २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर बनावट आधार कार्डांची चित्रं धडाधड फिरू लागली. चॅटजीपीटीला नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगितला की तो फोटोसकट कार्ड काढून देत होता. तिरंगी पट्टा, अक्षरांचा आकार, कोपऱ्यातला क्यूआर कोड, सगळं बघताक्षणी खरं वाटावं असं. लगेच ‘आता आधारही सुरक्षित राहिलं नाही’ असा सूर लागला. हा सूर मला पटला नाही. कार्डाचं चित्र फोटोशॉपवर बसून कुणीही कधीच बनवू शकत होतं. आता तेच काम मिनिटात होतं, एवढाच फरक. खरी काळजीची गोष्ट अशी की आपल्याकडे अजूनही चित्र बघूनच माणसाची ओळख पटली असं मानतात.

नागपुरात रेल्वे स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली घ्यायला जा, ‘आधारची झेरॉक्स द्या’ हे वाक्य ठरलेलं. हिवाळी अधिवेशन असो की दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, शहर पाहुण्यांनी भरतं आणि काउंटरांवर झेरॉक्सचे गठ्ठे साचतात. त्या कागदावरून काहीही सिद्ध होत नाही. झेरॉक्सवरचं नाव खरं आहे की पांढऱ्या शाईने खोडून बदललेलं, हे काउंटरवरच्या माणसाला कळायला मार्गच नाही. उलट गठ्ठा रद्दीत गेला की शेकडो लोकांचे नंबर, पत्ते आणि जन्मतारखा त्याच्यासोबत जातात.

पण त्याच कार्डावर एक जागा अशी आहे की जिथे खोटेपणा चालत नाही. ती म्हणजे क्यूआर कोड.

२०१८ च्या आधीच्या कार्डांवर क्यूआरमध्ये नाव-पत्ता साध्या मजकुरात असायचा, त्यामुळे कुणीही तसा कोड बनवू शकत होतं. त्यानंतर ‘सिक्युअर क्यूआर’ आला. तो साध्या स्कॅनरने वाचून बघा. पडद्यावर नाव दिसत नाही, नुसते अंकच अंक, ओळींमागून ओळी. तो सगळा मिळून एकच अवाढव्य आकडा असतो. तो बाइटमध्ये (आठ-आठ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ यांच्या, गटांमध्ये) बदलून उलगडला की नाव, जन्मतारीख, पत्ता आणि प्लास्टिकच्या पीव्हीसी कार्डावर तर छोटा फोटोही मिळतो. आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक त्यात असतात, पूर्ण नंबर नसतो. आणि अगदी शेवटच्या २५६ बाइटमध्ये असते आधार प्राधिकरणाची डिजिटल सही. आता थोडं गणित करू. सातवी-आठवीतले घात आणि भागाकारातली बाकी एवढं आठवत असलं तर पुरे.

सही करण्याआधी सगळ्या मजकुराचा ‘हॅश’ काढतात. एसएचए-२५६ नावाची पद्धत कितीही लांब मजकूर घेते आणि २५६ बिटांचा एक आकडा देते. मजकुरात एक अनुस्वार जरी बदलला तरी त्या २५६ पैकी साधारण निम्मे बिट उलटतात. त्यामुळे पत्त्यातला ‘महाल’ खोडून ‘इतवारी’ केला की हॅश पार वेगळा येतो. नंतर सही होते ती या हॅशवर.

सहीची पद्धत आरएसए. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती १९७७ मध्ये मांडली. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्येच तशीच युक्ती शोधली होती, पण ती १९९७ पर्यंत कुलपात राहिली. आपण ती छोट्या आकड्यांवर करून बघू.

दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३, हा जाहीर करायचा. त्यासोबत ३ हा घातही जाहीर करायचा. ७ हा दुसरा घात मात्र गुप्त ठेवायचा. समजा आपल्या मजकुराचा हॅश ४ आला. सही करणारा ४ चा सातवा घात काढतो. तो येतो १६३८४. त्याला ३३ ने भागलं की बाकी उरते १६. ही १६ म्हणजे सही, आणि ती कार्डावर छापायची. आता तपासणारा काय करतो? त्याच्याकडे फक्त जाहीर आकडे आहेत. तो १६ चा तिसरा घात काढतो, ४०९६, आणि ३३ ने भागतो. बाकी ४. मजकुराचा हॅश त्याने स्वतः काढला, तोही ४. जुळलं! मजकुरात कुणी फेरफार करून हॅश ५ झाला असता, तर सहीतून ४ आणि मजकुरातून ५ निघाले असते आणि चोरी तिथेच उघडी पडली असती.

हे जुळतं कसं? ३ आणि ७ चा गुणाकार २१. मूळ संख्यांतून एक-एक वजा करून गुणलं तर २ गुणिले १०, म्हणजे २०. ज्या दोन घातांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरते, ते एकमेकांचं काम पुसून टाकतात. ० ते ३२ मधली कुठलीही संख्या घ्या, तिचा एकविसावा घात ३३ ने भागा, बाकी म्हणून तीच संख्या परत येते. मला हा प्रकार गणितातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतो. ज्या आकड्याने सही केली तो कधीच कुणाला सांगावा लागत नाही, आणि तरी सही खरी असल्याची खात्री जगातल्या कुणालाही करून घेता येते.

गुप्त ७ शोधायचा तर २० माहीत हवा, आणि २० साठी ३३ चे दोन अवयव. इथे ते तोंडपाठ आहेत. पण ८०५१ चे अवयव सांगा बरं पटकन? ८३ आणि ९७ चा गुणाकार करायला कागदावर मिनिट लागत नाही, उलट दिशेने मात्र घाम फुटतो. आधारच्या सहीतला गुणाकार २०४८ बिटांचा, म्हणजे ६१७ अंकी आहे. संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये आरएसए-२५० हा २५० अंकी आकडा फोडला, तेव्हा संगणकाच्या एका प्रोसेसर-कोअरच्या (आकडेमोड करणाऱ्या एका भागाच्या) हिशेबाने सुमारे २७०० वर्षांचं काम अनेक यंत्रांवर वाटून करावं लागलं. अंक वाढतात तसं हे काम किती पटींनी वाढतं हे बघता, ६१७ अंकी आकडा आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही.

म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या कार्डाची भीती मला वाटत नाही. त्या चित्रातला क्यूआर एकतर वाचलाच जात नाही, नाहीतर त्यात योग्य सही नसते. प्राधिकरणाचं एमआधार किंवा आधार क्यूआर स्कॅनर हे अ‍ॅप उघडलं की दोन सेकंदांत निकाल लागतो. लॉजवाल्याने झेरॉक्सऐवजी एवढं केलं तरी पुरे.

मात्र सही खरी म्हणजे समोरचा माणूस तोच, असं होत नाही. एखादा ठग दुसऱ्याच्या कार्डाचा खरा क्यूआर उचलून स्वतःच्या फोटोच्या कार्डावर छापू शकतो. सही जुळेलच. म्हणून स्कॅन केल्यावर अ‍ॅपच्या पडद्यावर जो फोटो येतो त्याच्याशी समोरचा चेहरा ताडून बघायचा, कार्डावर छापलेल्या फोटोशी नाही. शिवाय कार्ड छापलं त्या दिवशीची माहिती त्यात गोठलेली असते. पत्ता बदलला, माणूस वारला, नंबर बंद झाला, यातलं काहीही ऑफलाइन सहीला कळत नाही.

आणि जिथे कार्डच नाही, अंगठा हीच ओळख, तिथला प्रश्न वेगळा आहे. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाच्या बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या कोरड्या थंडीत कातडी उलते आणि रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर ‘अंगठा लागत नाही’ हे रोज ऐकू येतं. ज्याने आयुष्यभर हाताने काम केलं त्यालाच हाताने ओळख पटवता येऊ नये, ही मला या व्यवस्थेतली सगळ्यात टोचणारी गोष्ट वाटते. डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा हे पर्याय आहेत. निवृत्तांना नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो, आणि तसा पर्याय रेशनच्या रांगेतही सहज मिळायला हवा.

उलट बाजूने, अंगठा चोरीलाही जातो. जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रतींवरून अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून, आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. पासवर्ड फुटला तर नवा ठेवता येतो, अंगठा नवा कुठून आणणार? २०२३ मध्ये प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की साच्याचा हे ओळखणारी तपासणी जोडली. त्याहून सोपी गोष्ट आपल्या हातात आहे. एमआधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आणि अंगठा लावायचा असेल तेव्हाच थोड्या वेळापुरतं उघडा.

इथे आणखी एक बोलून टाकतो. आधार क्रमांकाच्या बेरजेवरून भाग्य सांगणारे अंकशास्त्री आता निघाले आहेत. आधारचे पहिले अकरा अंक यदृच्छेने निवडलेले असतात, एवढंच की सुरुवात ० किंवा १ ने होत नाही. बारावा अंक त्या अकरांवरून डच गणितज्ञ व्हेरहुफ यांच्या १९६९ च्या सूत्राने काढलेला असतो. पंचकोन फिरवण्या-उलटवण्याच्या गणितावर बेतलेलं ते सूत्र आहे. टाइप करताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अदलाबदल झाले तर ते हमखास पकडतं. त्यात ग्रह नाहीत, नशीब नाही. आणि ‘तुमच्या आधारवरून ड्रग्जचं पार्सल गेलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ असा व्हिडिओ कॉल आला तर सरळ फोन ठेवा आणि १९३० वर कळवा. डिजिटल अरेस्ट असा कुठलाही प्रकार भारतीय कायद्यात नाही.

हीच सहीची युक्ती आता पासवर्डची जागाही घेते आहे. ‘पासकी’ म्हणतात ती हीच. गुप्त आकडा तुमच्या फोनमध्येच राहतो, संकेतस्थळ एक नवा यादृच्छिक आकडा पाठवतं आणि फोन त्यावर सही करून परत देतो. ओटीपी फोनवर गोड बोलून काढून घेता येतो. जो आकडा तुम्हालाच माहीत नाही तो तुम्ही कुणाला सांगणार?

गणित पक्कं असलं तरी ते राबवताना घोळ होतो. एस्टोनिया या छोट्या देशात ओळखपत्राच्या चिपवर जवळपास सगळा सरकारी कारभार चालतो. २०१७ मध्ये झेक संशोधकांच्या लक्षात आलं की त्या चिप मूळ संख्या निवडताना एका ठरावीक साच्यातल्याच निवडत होत्या, त्यामुळे गुणाकार फोडणं अपेक्षेपेक्षा फार सोपं झालं होतं. साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवून नवी द्यावी लागली.

पुढचं संकट त्याहून मोठं आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक, म्हणजे अणुपातळीवरच्या नियमांनी आकडेमोड करणारा संगणक, अवयव झटपट पाडू शकेल. तसा संगणक आज कुठेही नाही. पण तो येईल त्या दिवशी जुन्या सगळ्या आरएसए सह्यांवरचा भरवसा एकदम संपेल, आणि खिशातलं पीव्हीसी कार्ड तर लोक वर्षानुवर्षं वापरतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या सह्यांची मानकं जाहीर केली. त्यातली मुख्य म्हणजे एमएल-डीएसए. तिची सगळ्यात लहान सहीसुद्धा २४२० बाइटची आहे. आजच्या सहीच्या नऊपटीहून मोठी. क्यूआर कोडच्या सर्वांत मोठ्या चौकोनात कमाल २९५३ बाइट मावतात. म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो या सगळ्यांना मिळून साडेपाचशेही बाइट उरत नाहीत. फाल्कन नावाची दुसरी सही ६६६ बाइटची आहे आणि तिचंही मानक तयार होत आहे. ती क्यूआरमध्ये मावेल, पण ती तयार करताना अपूर्णांकांची इतकी नाजूक आकडेमोड लागते की चिपवर ती सुरक्षितपणे बसवणं कठीण जातं. फोटो किती लहान करायचा, चौकोन किती मोठा छापायचा, की क्यूआर सोडून कार्डात चिपच घालायची, हे ठरवायचं काम आता आहे.