इंग्लंडच्या ग्रामीण भागातील वसंत

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील वसंत : साधारणपणे मार्चपासून मेअखेरपर्यंतचा काळ. हवामानशास्त्रज्ञ १ मार्चपासून वसंत धरतात, तर खगोलशास्त्रानुसार तो २० मार्चच्या सुमारास, वसंतसंपाताला सुरू होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि संध्याकाळची कामे उजेडात उरकता येऊ लागतात. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याचा कायदा १९१६ मधला. थंडी मात्र लगेच हटत नाही. मे महिन्यातही एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की सफरचंदाचा मोहोर करपतो. या ऋतूची शोभा आपोआप उगवलेली वाटते. पण तिचा मोठा भाग कुंपणे राखणारे, रानात लाकूड तोडणारे आणि मेंढपाळ यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांवर उभा आहे.

शेतांच्या कडेची काटेरी झुडपांची कुंपणे सर्वांत आधी फुलतात. ब्लॅकथॉर्नला पालवी फुटण्यापूर्वीच, मार्च-एप्रिलमध्ये पांढरी फुले येतात. त्याच वेळी थंडीची लाट आली तर जुने शेतकरी तिला ‘ब्लॅकथॉर्नचा हिवाळा’ म्हणतात. हॉथॉर्न मागाहून, मे महिन्यात फुलतो. सुमारे १७५० ते १८५० या काळात संसदेने कायदे करून सामाईक जमिनी व गायराने खाजगी मालकीची केली, तेव्हा हद्दी आखण्यासाठी हॉथॉर्नची मैलोन्‌मैल लागवड झाली. आज डोळ्यांना सुखावणारी ही पांढरी रांग अनेक गरीब कुटुंबांचे चराईचे हक्क हिरावून उभी राहिली, हे विसरू नये. कुंपण दाट राहावे म्हणून हिवाळ्यात खोडांना बुडाशी तिरपा छेद देतात, ती आडवी वाकवून खुंट्यांमध्ये गुंफतात आणि छेदाजवळून नवे फुटवे येऊ देतात. पक्षी घरटी बांधू लागण्यापूर्वी हे काम संपवावे लागते. इंग्लंडमध्ये २०२४ पासूनच्या नियमांनुसार शेतांची कुंपणे १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात, काही अपवाद वगळता, छाटता येत नाहीत.

एप्रिलच्या मध्यापासून जुन्या रानांत ब्लूबेल (हायसिंथॉइडिस नॉन-स्क्रिप्टा) फुलतात. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळजवळ निम्म्या ब्रिटनमध्ये असल्याचे मानले जाते. ओक आणि बीच यांची पालवी दाट होऊन जमिनीवरचा उजेड अडवण्याआधी पाने, फूल आणि कंदातला अन्नसाठा हे सारे उरकून घ्यायचे, असा या वनस्पतीचा क्रम. दांडा एका बाजूला झुकलेला, त्याला निळ्या-जांभळ्या अरुंद घंटा, पाकळ्यांची टोके बाहेर वळलेली. बी पडल्यापासून पहिले फूल यायला किमान पाच वर्षे लागतात आणि रोप फार हळू पसरते. म्हणून निळ्या फुलांनी भरलेली रानभुई दिसली की ते रान बहुधा प्राचीन असते. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून अखंड टिकलेल्या रानाला प्राचीन म्हणतात. पायाखाली चिरडलेली पाने अन्न तयार करू शकत नाहीत आणि कंद दुबळे होतात, म्हणून छायाचित्रासाठी पायवाट सोडणाऱ्यांमुळे खरे नुकसान होते. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने या फुलाला संरक्षण आहे.

या रानांमागेही एक धंदा आहे. हेझलची झाडे दर सात-दहा वर्षांनी बुंध्यापासून तोडत. खुंटातून सरळ, लवचीक धुमारे फुटत आणि त्यांपासून मेंढ्यांसाठी विणलेले तट्टे, गवती छपराच्या खुंट्या, घेवड्याच्या वेलांना आधार असे सारे मिळे. तोडलेल्या पट्ट्यात ऊन शिरले की पुढच्या दोन-तीन वसंतांत प्रिमरोझ, वुड ॲनिमोन, ब्लूबेल भरभरून येतात, आणि काही वर्षांनी तिथल्या दाट झुडपांत नाइटिंगेल घरटे करतो. सफोकमधील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये ही पद्धत १२५२ पासून चालत आल्याची नोंद आहे. विसाव्या शतकात या लाकडाची मागणी आटली, तोड थांबली आणि बहुतेक रानांत सावली दाटली. आज जिथे तोड होते तिथे हरणे कोवळे धुमारे खातात, म्हणून कुंपण घालावे लागते.

मेंढपाळासाठी वसंत म्हणजे वेतांचा हंगाम. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा. म्हणून ५ नोव्हेंबरच्या आसपास मेंढा कळपात सोडला की कोकरे एप्रिलच्या आरंभी जन्मतात, असा हिशेब गावोगाव तोंडपाठ असतो. सखल भागात हा हंगाम लवकर आणि बहुधा गोठ्यात होतो. कंब्रियाच्या डोंगरांवर मेंढ्या एप्रिल-मेमध्ये उघड्यावर वितात. तिथल्या हर्डविक जातीची कोकरे काळी जन्मतात आणि वयाबरोबर करडी होतात. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन फेरी मारायची, आडवे आलेले कोकरू हाताने वळवायचे, बेंबीला आयोडीन लावायचे, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला की नाही ते पाहायचे. आई आणि पिल्ले यांच्या अंगावर एकच आकडा रंगवतात, म्हणजे चुकामूक होत नाही. एखाद्या मेंढीचे कोकरू मेले तर त्याचे कातडे सोलून पोरक्या कोकराला अंगरख्यासारखे चढवतात. ओळखीचा वास आला की मेंढी त्याला पाजू लागते. कोरड्या थंडीपेक्षा पाऊस आणि वारा एकत्र आले की जास्त कोकरे दगावतात. मोकळ्या सोडलेल्या पाळीव कुत्र्यामुळे गाभण मेंढ्या बिथरून गाभडतात. म्हणून खुल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याची दोरी २ मीटरपेक्षा लांब नसावी असा नियम आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

याच काळात परसात भाजीची चणचण असते. हिवाळी कोबी संपलेला, नवे पीक अजून हाती नाही. एप्रिल-मेच्या या टंचाईत ऱ्हुबार्बचे आंबट देठ, रानलसणाची पाने आणि ईव्हशॅम खोऱ्यातला ॲस्पॅरॅगस यांचा आधार असतो. ॲस्पॅरॅगसचा हंगाम परंपरेने २३ एप्रिल, म्हणजे सेंट जॉर्जच्या दिवसापासून २१ जूनपर्यंत.

१ मेच्या पहाटे हॉथॉर्नच्या फुललेल्या फांद्यांनी दारे सजवणे आणि उंच खांबाभोवती नाचणे ही जुनी प्रथा. १६४४ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, संसदेने असे खांब उभारण्यावर बंदी आणली. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि तेही परतले. १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलताना ११ दिवस गाळले गेले, त्यामुळे सणाच्या दिवशी हॉथॉर्न फुललेला असेलच याची खात्री राहिली नाही. कॉर्नवॉलमधील पॅडस्टो येथे आजही त्या दिवशी काळ्या झग्यातले घोड्याचे नाचते सोंग ढोल आणि ॲकॉर्डियनच्या साथीने गल्ल्यांतून फिरते.

नॉरफकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिले फूल, पहिली पालवी, पहिली पाकोळी यांच्या तारखा लिहून ठेवल्या. त्यांच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. अशाच नोंदींच्या आधारे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधील ४०६ वनस्पती १९८७ नंतर सरासरी सुमारे महिनाभर आधी फुलू लागल्याचे दिसले. ओकची पालवी लवकर आली की तिच्यावरच्या अळ्याही लवकर येऊन संपतात. बारमाही राहणाऱ्या टिट पक्ष्यांना घरटी थोडी आधी बांधता येतात. पण पश्चिम आफ्रिकेतून येणारा पाइड फ्लायकॅचर हा पक्षी एप्रिलमध्ये पोहोचतो आणि पिल्ले भरवायच्या वेळी त्याला अळ्या कमी पडतात.